गाठ आतड्यात, झडप हृदयात: कार्सिनॉइडमुळे झडप बदलायची वेळ येते तेव्हा

"गाठ पोटात आहे ना, मग छाती कशाला उघडायची?" हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत नर्स म्हणून काम करताना हा प्रश्न मी ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. कार्सिनॉइड हृदयविकार, म्हणजे आतड्यातल्या एका प्रकारच्या गाठीच्या रसायनांनी हृदयाच्या झडपा बिघडणं, मुळातच दुर्मीळ. ओळखीपाळखीत 'आमच्याकडेही असंच झालं होतं' म्हणणारं कोणी सापडत नाही, आणि डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं त्या धक्क्यात कानावरून जातं. निदान नुकतंच कळलंय आणि ऑपरेशनचा विषय निघालाय, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते यातून कळावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाहेरून पाहिलं तर हे झडप बदलण्याच्या इतर कुठल्याही ऑपरेशनसारखंच दिसतं. पण इथे झडप बिघडवणारी गाठ शरीरात जिवंत असते, आणि भूल देताना, टाके घालताना, आयसीयूत पडून असतानाही ती आपलं रसायन रक्तात सोडत असते. म्हणून 'झडप कोणत्या कंपनीची घालणार?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे की कर्करोगतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ असे चौघे एकमेकांशी बोलले आहेत का?

झडपेला नेमकं होतं काय

'कार्सिनॉइड' म्हणजे कर्करोगासारखं. हे नाव १९०७ साली जर्मन पॅथॉलॉजिस्ट झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी दिलं. आता या गाठींना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात, त्यामुळे फाइलवर 'एनईटी' असं लिहिलेलं दिसेल. लहान आतड्यातल्या अशा गाठी सेरोटोनिन नावाचं रसायन तयार करतात. गाठ आतड्यापुरती असते तोवर तिथलं रक्त आधी यकृतातून जातं आणि यकृत ते रसायन मोडून टाकतं. गाठ यकृतात पसरली की ही चाळणीच उरत नाही. रसायन थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतं. चेहरा अचानक लालबुंद होणं, जुलाब, छातीत घरघर ही लक्षणं तिथूनच सुरू होतात.

उजव्या बाजूला दोन झडपा असतात, ट्रायकस्पिड आणि पल्मोनरी. सेरोटोनिन झडपेच्या पेशींवरच्या ५-एचटी२बी नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि त्या पेशी तंतूंचे थर चढवू लागतात. वजन कमी करण्याचं फेनफ्लुरामिन हे औषध १९९७ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं, ते याच रिसेप्टरमुळे बिघडलेल्या झडपांपायी.

निरोगी ट्रायकस्पिड झडपेचे पडदे इतके पातळ असतात की त्यांतून उजेड दिसावा. आजारी झडप काढून ट्रेमध्ये ठेवतात, तेव्हा ती पांढरट, चकचकीत आणि बोटाला चिवट लागते. पडदे आखडून कडेला गोळा झालेले, त्यांना धरून ठेवणाऱ्या दोऱ्या जाड होऊन एकमेकींना चिकटलेल्या. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर तर ते पाहवत नाही. हृदय धडधडतंय आणि झडप मात्र अर्धवट उघडी, जागच्या जागी. दार ना पुरतं उघडत, ना मिटत. प्रत्येक ठोक्याला रक्त मागे फिरतं आणि त्याचा दाब यकृतावर, पोटावर, पायांवर येतो.

डावी बाजू सहसा वाचते, कारण फुप्फुसं सेरोटोनिन निष्क्रिय करतात. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासून बारीक भोक राहिलेलं असेल, गाठ फुप्फुसातच असेल किंवा रसायनाचं प्रमाण फारच चढलेलं असेल, तर मात्र डाव्या झडपाही सापडतात.

पायरी १: तपासण्या, आणि त्यातले खाचखळगे

तीन गोष्टी लागतात: इको, एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी आणि २४ तासांची लघवी.

एनटी-प्रोबीएनपी हृदयावरचा ताण दाखवतं. कार्सिनॉइडच्या रुग्णात ते मिलिलिटरला २६० पिकोग्रॅमच्या वर गेलं की हृदयाकडे नीट पाहायला हवं, असा अंदाज वापरला जातो. लक्षण एकही नसलं तरी.

लघवीच्या तपासणीत सेरोटोनिन मोडून उरलेला पदार्थ, ५-एचआयएए, मोजतात. चोवीस तासांत ३०० मायक्रोमोलच्या वर, म्हणजे साधारण ५७ मिलिग्रॅमच्या वर, आकडा गेला तर झडपा बिघडण्याचा किंवा आणखी बिघडण्याचा धोका वाढतो. रिपोर्टवर एकक कोणतं आहे ते आधी पाहा. एकात मायक्रोमोल आणि दुसऱ्यात मिलिग्रॅम असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'आकडा एकदम खाली आला!' म्हणून हरखून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

ही तपासणी घरीच बिघडते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ पाहून वेळ लिहायची. तिथून पुढे दिवसा-रात्री, शौचाला गेल्यावरचीसुद्धा, सगळी लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेची शेवटची लघवी त्यात धरायची. कॅनमध्ये आधीच आम्ल घातलेलं असू शकतं, म्हणून थेट त्यात न करता स्वच्छ भांड्यात घेऊन ओता. आधीचे दोन-तीन दिवस आणि गोळा करण्याच्या दिवशी केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी, ॲव्होकॅडो बंद, कारण त्यांनी आकडा खोटाच वर जातो. पॅरासिटामॉल आणि खोकल्याची काही औषधंही गोंधळ घालतात, तेव्हा चालू गोळ्यांची यादी प्रयोगशाळेला द्या. पण स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

इकोबद्दल एकच आग्रह. 'ट्रायकस्पिड खूप गळतेय' एवढ्यावर थांबू नका. पल्मोनरी झडप नीट दिसली का, हे विचारा. ती इकोत पकडायला कठीण असते आणि नजरेतून सुटते. मग ट्रायकस्पिड बदलली जाते, पल्मोनरी तशीच गळत राहते आणि नव्या झडपेमागचा उजवा कप्पा दमतो. शंका असेल तर हृदयाचा एमआरआय किंवा सीटी करतात. वरच्या कप्प्यांमधलं भोक शोधायला शिरेतून बुडबुड्यांचं सलाइन सोडून इको करतात. तेही झालंय का, पाहा. याशिवाय हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, आणि गाठ कुठवर पसरली आहे हे दाखवणारा गॅलियमचा पेट स्कॅन.

पायरी २: कधी करायचं

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि चुका जास्तीत जास्त इथेच होतात.

सुरुवातीला झडप बरीच खराब असूनही रुग्ण हिंडता-फिरता असतो. नंतर थकवा येतो, पाय सुजतात, पोटात पाणी होतं, मानेच्या शिरा फुगतात. पण 'कॅन्सर आहे, थकवा येणारच' असं सगळेच म्हणतात, रुग्णही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरते, बरं वाटतं आणि आणखी सहा महिने जातात. गोळी पाणी काढते, झडपेला ती काहीच करत नाही. तेवढ्या काळात उजवा कप्पा ताणत ताणत फुगतो आणि एका टप्प्यानंतर नवी झडप घालूनही तो परत पूर्वीसारखा होत नाही.

झडपेची गळती तीव्र आहे आणि त्यात लक्षणं दिसू लागली किंवा उजवा कप्पा मोठा होऊ लागला, तर ऑपरेशनचा विचार तेव्हाच करतात. सोबत दोन अटी पाहतात: गाठीच्या रसायनांमुळे होणारी लक्षणं औषधांनी बऱ्यापैकी ताब्यात असणं, आणि गाठीच्या दृष्टीने रुग्णाला निदान वर्षभराचं आयुष्य अपेक्षित असणं. दुसरी अट ऐकायला कठोर वाटते. पण एवढं मोठं ऑपरेशन सोसून त्याचा फायदा घ्यायला वेळ हवा, इतकाच त्याचा अर्थ.

यकृतातल्या गाठींचंही ऑपरेशन ठरलं असेल तर बहुतेकदा झडप आधी. उजवीकडचा दाब चढलेला असताना यकृत रक्ताने तुडुंब असतं आणि कापताना रक्तस्राव आवरत नाही.

धोका किती, हे विचारायला कचरू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८५ ते २०१२ या काळातल्या १९५ रुग्णांचा हिशोब मांडला आहे. ऑपरेशनच्या आसपास दगावलेल्यांचं प्रमाण एकंदर १० टक्के होतं, २००० सालानंतरच्या रुग्णांमध्ये ६ टक्के. हे आकडे असे रुग्ण सतत हाताळणाऱ्या केंद्राचे आहेत. म्हणून तुमच्या सर्जनला सरळ विचारा, 'अशी किती ऑपरेशनं तुम्ही केली आहेत?' चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

पायरी ३: आधी गाठीला शांत करा

गाठीचं रसायन सोडणं कमी करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन साधारण दर चार आठवड्यांनी चालू असतंच. ऑपरेशनची तारीख ठरवताना शेवटचं इंजेक्शन कधी झालं आणि पुढचं कधी, हे सांगा. एका रुग्णाच्या पत्नी दोन वेगळ्या फाइली घेऊन आल्या होत्या, एक कॅन्सरची आणि एक हृदयाची. इंजेक्शनची तारीख पहिलीत, भरती दुसरीवर. 'ऑपरेशन झाल्यावर घेऊ' म्हणून इंजेक्शन पुढे ढकललं गेलं होतं. ही बाब भूलतज्ज्ञांच्या नजरेला आली ती आदल्या दिवशी दुपारी, तीही बाईंनी कॅलेंडरच्या पानाचा फोटो दाखवला म्हणून. ऑपरेशन पुढे गेलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, फाइल एकच ठेवा आणि वरच्या पानावर इंजेक्शनच्या तारखा लिहा.

जुलाब आटोक्यात येत नसतील तर सेरोटोनिन तयार होणंच कमी करणारी टेलोट्रिस्टॅटची गोळी असते. कधी यकृतातल्या गाठींचा रक्तपुरवठा बंद करतात, कधी ल्युटेशियमचे किरणोत्सारी उपचार देतात. यांतलं काय आणि कधी, हे कर्करोगतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञांनी मिळून ठरवायचं.

खाण्याकडे दुर्लक्ष होतं. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनचा, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकाचा, एरवी जेमतेम १ टक्का सेरोटोनिनकडे जातो. या आजारात तो ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ट्रिप्टोफॅनमधूनच शरीर नायसिन हे जीवनसत्त्वही बनवतं, म्हणजे नायसिनची उपासमार. उघड्या त्वचेवर काळपट, खरखरीत चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. प्रथिनं कमी पडली की जखम भरत नाही आणि सूज हटत नाही, म्हणून ऑपरेशनआधीचे काही आठवडे आहारतज्ज्ञांच्या हाती द्या. दातही याच काळात तपासून घ्या. किडका दात नव्या झडपेपर्यंत जंतू पोचवू शकतो.

पायरी ४: कोणती झडप

'दुरुस्त नाही का होणार?' सहसा नाही. पडदे इतके आखडलेले असतात की शिवायला कापडच उरत नाही. झडप बदलावीच लागते, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी.

धातूची झडप टिकते, पण जन्मभर वॉर्फरिन लागतं. ज्याच्या यकृतात गाठी आहेत, ज्याला पुढे आणखी ऑपरेशनं, सुया, एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं) लागणार आहे, त्याचं रक्त कायम पातळ ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेवर त्याच सेरोटोनिनचे थर चढू शकतात, गुठळीही धरू शकते. तरीही आज बहुतेक ठिकाणी कल ऊतीच्या झडपेकडे आहे, कारण रक्त पातळ करण्याचं औषध थोडेच महिने लागतं आणि पुढे ती खराब झाली तर छाती न उघडता, शिरेतून नळी घालून तिच्या आत दुसरी झडप बसवता येऊ शकते. मला हा कल पटतो. शेवटी वय, यकृताची स्थिती आणि गाठीचा वेग पाहूनच ठरतं.

पायरी ५: ऑपरेशनचा दिवस

इथे कार्सिनॉइड क्रायसिस हा शब्द कानावर पडेल. भूल, वेदना, थंडी, भीती किंवा गाठीला लागलेला धक्का, यांतलं काहीही पुरतं आणि गाठ एकदम रसायनांचा लोंढा सोडते. चेहरा लाल होतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो किंवा उलट भडकतो. मग हृदयाच्या मशीनवर काय चाललंय आणि गाठीमुळे काय होतंय, हे मिनिटांत ओळखावं लागतं.

म्हणून ऑक्ट्रिओटाइडची ड्रिप ऑपरेशनच्या बरीच आधी सुरू करतात. पुष्कळ ठिकाणी १२ तास आधी, ताशी ५० ते १०० मायक्रोग्रॅम. ती ऑपरेशनभर आणि नंतरही निदान ४८ तास चालते. आमच्याकडे पंपावरची सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून, वर नाव लिहिलेली पट्टी चिकटवून शेजारी ठेवलेली असते. बदलताना एका मिनिटाचाही खंड नको. गरज पडली तर वरून थेट शिरेत मोठा डोस देतात.

औषधांचा खेळ इथे उलटा आहे. रक्तदाब पडला की एरवी हात आपोआप ॲड्रेनॅलिनकडे जातो. इथे तेच औषध गाठीला आणखी चेतवू शकतं, म्हणून व्हॅसोप्रेसिन किंवा फेनिलेफ्रिनला पसंती. हृदयच दमलं तर ॲड्रेनॅलिनच्या जातीची औषधंही वापरावी लागतात, पण ऑक्ट्रिओटाइडच्या आडोशाने. मॉर्फिनमुळे शरीरात हिस्टामिन हे त्रास वाढवणारं रसायन सुटतं, त्यामुळे दुखण्यासाठी फेंटॅनिलसारखं दुसरं काही. घरच्यांचं काम एकच, पण मोठं: रुग्णाला आदल्या रात्री शांत झोप मिळेल असं पाहणं. झोपेची गोळी देऊ केली तर 'नको, सवय लागेल' म्हणू नका.

बाकीचं ऑपरेशन ओळखीचं आहे. छातीचं हाड मधून उघडतात, हार्ट-लंग मशीन लावतात, झडपा बदलतात, भोक असेल तर बंद करतात. पल्मोनरी झडपेखालचा मार्ग अरुंद असेल तर पट्टी लावून रुंद करतात. ट्रायकस्पिडच्या अगदी शेजारून हृदयाची विजेची वाट जाते, म्हणून पेसमेकर लागण्याची शक्यता असते. नव्या झडपेतून नंतर तार नेणं त्रासाचं, तेव्हा काही सर्जन पेसमेकरची तार हृदयाच्या बाहेरच्या बाजूला आताच शिवून ठेवतात. 'पेसमेकर बसवला का?' याचं उत्तर 'फक्त तार ठेवली आहे' असं आलं तर गोंधळू नका.

पायरी ६: आयसीयू

छातीतून नळ्या, मानेत लाइन, पोटाशी बाहेर आलेल्या दोन बारीक तारा. भेटायला आलेले आधी त्या ताराच पाहतात. त्या तात्पुरत्या पेसिंगच्या असतात, नंतर ओढून काढतात. ऑक्ट्रिओटाइडमुळे साखर वर-खाली होते, म्हणून मधुमेह नसला तरी बोट टोचतात. चेहरा अचानक लाल झाला तर 'ताप आलाय वाटतं' म्हणत गप्प बसू नका, नर्सला हाक मारा. तुम्ही त्यांना वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यांचा नेहमीचा लालपणा आमच्यापेक्षा तुम्हाला चांगला ओळखता येतो.

पायरी ७: घरी आल्यावर

छातीचं हाड जुळायला साधारण दीड ते तीन महिने. तोवर जड उचलणं, ढकलणं, हातांवर जोर देऊन उठणं बंद. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

ऊतीच्या झडपेनंतर वॉर्फरिन बहुधा तीन ते सहा महिने असतं, आणि ते किती लागू पडतंय हे आयएनआरच्या तपासणीवर पाहतात. यात या आजाराची एक खास मेख आहे. जुलाब वाढले किंवा शौच तेलकट झालं की जीवनसत्त्व के नीट शोषलं जात नाही आणि तोच डोस अचानक जास्त होतो. तेव्हा जुलाब वाढले की आयएनआर लवकर तपासून घ्या. वॉर्फरिन बंद झाल्यावर पुन्हा सूज आली किंवा धाप लागली तर झडपेवर गुठळी धरली असण्याची शक्यता असते. त्यासाठी इको लगेच. एरवी पहिला इको काही महिन्यांत, मग ठरलेल्या अंतराने, कारण चेहरा लाल होणं थांबलं तरी गाठ तिथेच आहे आणि चार आठवड्यांचं इंजेक्शन चालूच राहणार.

आणि एक कार्ड बनवून पाकिटात ठेवा. त्यावर झडपेचा प्रकार आणि नंबर, इंजेक्शनची शेवटची तारीख, आणि दंतवैद्यासाठी ठळक दोन ओळी: 'कृत्रिम झडप आहे, हिरड्यांच्या कामाआधी अँटिबायोटिक. कार्सिनॉइड आहे, बधिर करण्याच्या इंजेक्शनात ॲड्रेनॅलिन नको, आधी माझ्या डॉक्टरांशी बोला.' दात दुखायला लागल्यावर हे समजावत बसायचं त्राण कोणातच नसतं, म्हणून कार्ड पुढे करायचं.